संकल्पाचा सत्कार

आमच्या लोकांस सत्काराची हौस फार. कोणी विलायतेहून परतला, कोणी साठीत पदार्पण केले, कोणाचे पुस्तक छापून झाले, की गावात मांडव पडलाच म्हणून समजावे. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि मानपत्र यांच्यावाचून ठाणे किंवा डोंबिवली येथे एकही रविवार सुना जात नसेल. यात निंद्य असे काही आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्या समाजास दुसऱ्याच्या गुणांपुढे मान लववावीशी वाटत नाही, त्या समाजात गुण फार दिवस टिकत नाहीत. परंतु या जुन्या आणि निरुपद्रवी हौसेत अलीकडे एक वेगळीच तऱ्हा शिरली आहे, आणि तिच्याकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अवश्य वाटते. पूर्वी मनुष्याने काही केले म्हणून त्याचा सत्कार होत असे. आता तो काही करणार आहे, करण्याची त्याची तळमळ आहे, किंवा तशी तळमळ त्याने चांगल्या शब्दांत बोलून दाखविली आहे, एवढ्यावरही सत्कार होतो. असा आगाऊ मान मिळण्याचे भाग्य कवीला वा वैद्याला सहसा लाभत नाही. ते बहुतेक राज्यकर्त्यांच्याच वाट्याला येते.

दोन प्रसंग वाचकांच्या स्मरणात असतील. १ ऑगस्ट २०२३ रोजी पुण्यास लोकमान्य टिळकांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार पंतप्रधान नरेंद्र मोदी यांस देण्यात आला, आणि त्या समारंभाचे प्रमुख पाहुणे शरद पवार होते. पुढे ११ फेब्रुवारी २०२५ रोजी, दिल्लीच्या मराठी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने, ‘सरहद’ या संस्थेने महादजी शिंदे यांच्या नावाचा राष्ट्रगौरव पुरस्कार आमच्या ठाण्याचे एकनाथ शिंदे यांस दिला. ते त्या वेळी राज्याचे उपमुख्यमंत्री होते. आणि या खेपेस पुरस्कार देणारे हात पवारांचे होते. दोन्ही वेळी वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने वादाने भरून गेले. वाद कशाविषयी होता? पहिल्या वेळी, पवारांनी त्या व्यासपीठावर जावे की न जावे, याविषयी. दुसऱ्या वेळी, पवारांनी तो पुरस्कार स्वहस्ते द्यावा की न द्यावा, याविषयी. कोण कोणाशेजारी बसला, कोण कोणाकडे पाहून हसला, याचा काथ्याकूट मनसोक्त झाला. परंतु हा मान नेमक्या कोणत्या कार्याबद्दल आहे, ते कार्य तडीस गेले आहे काय, आणि ते गेले असल्याची खातरजमा कोणी व कशी केली, हे तीन साधे प्रश्न ठळकपणे विचारलेले आमच्या वाचनात तरी आले नाहीत. पुरस्कार म्हणजे राजकीय भेटीगाठींचा एक प्रकार, असे आपण सर्वांनी मनोमन मान्य केल्याचेच हे लक्षण होय.

कोणा एका व्यक्तीचे वा पक्षाचे उणे काढण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने शरद पवार आणि नितीन गडकरी या उभयतांस एकाच समारंभात डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. मार्च २०२३ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील विद्यापीठाने तीच पदवी एकनाथ शिंदे यांस दिली, तेव्हा त्यांच्या मुख्यमंत्रिपदाचा नववा महिना चालू होता. ही मंडळी निरनिराळ्या पक्षांची आहेत, लोकांत वर्षानुवर्षे वावरलेली आहेत, आणि त्यांच्या नावावर काही कामेही आहेत हे आम्ही नाकारीत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की कामे असतील तर ती एकेक करून मोजून दाखवावी, आणि पुरस्कार त्या कामांना द्यावा. ‘दूरदृष्टी’, ‘नेतृत्व’, ‘जनसामान्यांविषयीची कळकळ’ हे शब्द मानपत्रात घालणे सोपे असते. कारण त्यांचा खरेखोटेपणा पडताळून पाहण्याचे साधन कोणाजवळच नसते.

पुरस्कार म्हणजे मुळात काय, याचा विचार केल्यास या प्रथेतील दोष आपोआप उघडा पडतो. पुरस्कार ही समाजाने दिलेली साक्ष आहे. ‘अमक्या मनुष्याने अमुक गोष्ट केली, ती आम्ही पाहिली, आणि ती चांगली होती’ असे समाज त्या निमित्ताने बोलत असतो. साक्षीचा पहिला नियम असा, की जे घडले आहे त्याचीच साक्ष देता येते. जे घडावयाचे आहे त्याविषयी आशा करता येईल, प्रार्थना करता येईल, पैजही लावता येईल. साक्ष देता येणार नाही. आम्ही उभा जन्म महाविद्यालयात घालविला आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासता तपासता डोळ्यांस चष्मा आणला. ‘पुढील वर्षी मी मन लावून अभ्यास करणार आहे’ असे डोळ्यांत पाणी आणून सांगणारे विद्यार्थी दर साली भेटत, आणि त्यांचा हेतू खोटा होता असे आम्हांस कधी वाटले नाही. तरीही त्या हेतूबद्दल कोणास पहिला वर्ग दिला असता, तर ज्याने रात्री जागून अभ्यास केला त्याच्या पहिल्या वर्गाची किंमत काय उरली असती? जो न्याय अठरा वर्षांच्या पोरास लागू आहे, तो साठी गाठलेल्या मंत्र्यास लागू नये, हे आश्चर्यच म्हणावयाचे.

ही चूक केवळ आमचीच आहे असे मात्र नव्हे. जगात ज्याची सर्वांत मोठी प्रतिष्ठा त्या नोबेल शांतता पुरस्कारानेही ती वारंवार केली आहे. आल्फ्रेड नोबेल याने १८९५ साली केलेल्या मृत्युपत्रात, गेल्या वर्षभरात ज्यांनी मानवजातीचे अधिकात अधिक कल्याण केले त्यांस ही पारितोषिके द्यावीत, असे म्हटले आहे. ‘जे करू इच्छितात त्यांस’ असे म्हटलेले नाही. असे असता २००९ साली तो पुरस्कार अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांस जाहीर झाला. त्यांनी पदाची शपथ घेतली २० जानेवारीस, आणि त्या वर्षाच्या नामनिर्देशनाची मुदत संपली १ फेब्रुवारीस. बारा दिवसांत कोणती शांतता प्रस्थापित होणार होती? ओस्लो येथील समारंभाच्या नऊच दिवस आधी त्यांनी अफगाणिस्तानात आणखी तीस हजार सैनिक धाडण्याची घोषणा केली होती. ओबामा स्वतः चतुर आणि प्रांजळ गृहस्थ. आपली कर्तबगारी अद्याप फार थोडी आहे, अशी कबुली त्यांनी त्या भाषणात दिली. पुढे २०१५ साली त्या समितीचे माजी सचिव गेयर लुंडेस्टाड यांनी आपल्या आठवणीत लिहिले, की त्या पुरस्काराकडून समितीने जी अपेक्षा केली होती ती पुरी झाली नाही.

१९७३ सालचे उदाहरण याहूनही बोधप्रद आहे. व्हिएतनामच्या तहाबद्दल हेन्री किसिंजर आणि ले डुक थो या दोघांस मिळून तो पुरस्कार जाहीर झाला. ले डुक थो यांनी तो नाकारला. कारण त्यांच्या मते त्यांच्या देशात शांतता आलेलीच नव्हती. निवड समितीच्या दोन सभासदांनी राजीनामे दिले. सुमारे दीड वर्षाने, एप्रिल १९७५ मध्ये, सायगाव पडले आणि तो तह कागदावरच राहिला. तेव्हा किसिंजर यांनी आपले पारितोषिक परत करू पाहिले. इथिओपियाचे पंतप्रधान आबी अहमद यांस २०१९ साली शेजारच्या एरिट्रियाशी केलेल्या समेटाबद्दल हाच पुरस्कार मिळाला. तो फार लवकर दिला गेला असे काहींना वाटेल, हे समितीच्या अध्यक्षांनी त्याच वेळी मान्य केले होते. परंतु प्रयत्नांस उत्तेजन हवे, असे त्यांचे समर्थन होते. नोव्हेंबर २०२० मध्ये आबी यांच्याच देशात टिग्रे प्रांतात भीषण युद्ध पेटले, आणि ज्या एरिट्रियाशी समेट झाला त्याचेच सैन्य त्या युद्धात उतरले. आणि ज्यांनी आपले कार्य उभ्या जगाच्या डोळ्यांदेखत करून दाखविले, त्या महात्मा गांधींस हा पुरस्कार कधीच मिळाला नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, तो निदान स्वतःच्या लग्नात. येथे दुसऱ्याच्या उतावळेपणापायी पुरस्काराचीच शोभा झाली.

आता ‘उत्तेजन’ या शब्दाचाच विचार करू; कारण प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा तोच आहे. ते म्हणतात : ‘चांगल्या हेतूची वेळीच पाठ थोपटली तर तो हेतू दृढ होतो. सन्मान मिळालेला मनुष्य सन्मानास जागतो. फळ येईपर्यंत थांबलो तर रोपट्यास पाणी कोण घालणार?’ हे म्हणणे वरवर पाहता सयुक्तिक दिसते, आणि काही ठिकाणी ते खरोखरच सयुक्तिक आहेही. नवख्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकास पारितोषिक द्यावे. गरीब विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती द्यावी. ब्रह्मदेशात नजरकैदेत पडलेल्या आँग सान स्यू ची यांस १९९१ साली नोबेल समितीने आधार दिला, तेही आम्ही समजू शकतो. पुढे सत्ता हाती आल्यावर त्या बाई कशा वागल्या हा प्रश्न निराळा. त्या दिवशी त्यांच्या हाती काहीच नव्हते, आणि जगाच्या शब्दाचे त्यांस बळ हवे होते. परंतु राज्यकर्त्यास कशाचे उत्तेजन कमी पडते? त्याच्या हाती खजिना आहे, हुकूम सोडण्याचा अधिकार आहे, लाखो लोकांनी मते देऊन त्याची पाठ आधीच थोपटलेली आहे. इतके असूनही सत्कर्म करण्यास ज्यास शालीची वाट पाहावी लागते, त्यास शाल मिळाल्यावरही ते सुचेल असे आम्हांस वाटत नाही. उत्तेजन दुर्बळास द्यावयाचे असते. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याजकडून हिशेब घ्यावयाचा असतो. या दोहोंची अदलाबदल झाली म्हणजे दुर्बळापाशी आपण दाखला मागू लागतो आणि सबळास टाळ्या देऊ लागतो.

दुसराही एक आक्षेप आहे, आणि तो अधिक नाजूक आहे. ‘यश हीच जर कसोटी, तर ज्यांनी प्राणपणाने झटूनही यश आले नाही त्यांस तुम्ही काहीच देणार नाही काय?’ या आक्षेपास उत्तर देताना आमच्यापुढे नामदार गोखले उभे राहतात. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणून त्यांनी मार्च १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात विधेयक मांडले. वर्षभर त्यावर मते मागविली, आकडे गोळा केले, शंका घेणाऱ्या प्रत्येकास उत्तर दिले. आणि मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. फलाच्या दृष्टीने पाहिले तर गोखल्यांच्या हाती शून्य आले. तरीही त्यांच्यापुढे आमची मान लवते, ती त्यांच्या हेतूमुळे की कृतीमुळे? आमचे उत्तर असे, की कृतीमुळेच. जेवढे त्यांच्या हाती होते तेवढे त्यांनी पुरेपूर केले. जे राहिले ते दुसऱ्यांच्या हाती होते. त्या हेतूपायी त्यांनी आपले आरोग्य, वेळ आणि लोकप्रियता खर्ची घातली होती. ज्या हेतूसाठी मनुष्याने पदरचे काही मोजले आहे तो हेतू कृतीच्या पंक्तीला बसतो. ज्यासाठी केवळ एक सभा आणि एक ध्वनिवर्धक लागला, तो बसत नाही. आणि हेच गोखले १९१४ साली सरकारने देऊ केलेला ‘सर’ हा किताब नाकारते झाले, हेही येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९०४ साली मिळालेला सी. आय. ई. हा धाकटा किताब त्यांनी घेतला होता, तेव्हा मानाचे त्यांस वावडे होते असे नव्हे. परंतु कोणता मान केव्हा घ्यावा आणि केव्हा परतवावा, याचा विवेक त्यांस होता.

येथवर आम्ही लांबच्या गोष्टी बोललो. आता आमच्या घराशेजारी काय घडते ते पाहू. कल्याण-डोंबिवलीकरास संकल्प आणि सिद्धी यांतील अंतर पुस्तकातून शिकण्याची गरज नाही; तो रोज त्या अंतरातूनच लोकलने प्रवास करितो. ऑक्टोबर २०१५ मध्ये, महानगरपालिकेच्या निवडणुकीच्या तोंडावर, तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी या दोन शहरांसाठी साडेसहा हजार कोटी रुपयांच्या विकासाची घोषणा केली. सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्या रकमेचे पुढे काय झाले हा वाद पुढील अनेक निवडणुकांना पुरला. १८ डिसेंबर २०१८ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते कल्याण येथे ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी झाली : सुमारे २५ किलोमीटर मार्ग, १७ स्थानके, खर्चाचा अंदाज ८,४१६ कोटी रुपये. त्यानंतर सात पावसाळे गेले, आणि त्या सात वर्षांत त्या मार्गाने एकही उतारू कल्याणास पोचला नाही. कामे मोठी असतात, जमिनी मिळत नाहीत, मध्ये महामारी आली, ही कारणे खोटी नाहीत, आणि त्यांबद्दल आम्ही कोणास फासावर चढवू इच्छीत नाही. परंतु २०१८ साली त्या मांडवात ज्या टाळ्या पडल्या त्या कशाच्या होत्या, हे तरी आपण स्वतःशी मान्य करावे. बाजारात तुरी असताना घरात वरणाचे कौतुक चालले होते.

उलट बाजूही पाहावी. ठाणे आणि दिवा यांच्यामधील रेल्वेच्या पाचव्या-सहाव्या मार्गांची पायाभरणी २००८ सालची. ते वाहतुकीस खुले झाले फेब्रुवारी २०२२ मध्ये. चौदा वर्षांत केंद्रात आणि राज्यात सरकारे पालटली. प्रत्येकाने त्या कामास थोडा हात लाविला आणि प्रत्येकाने ते थोडे रखडविले. कल्याणचा शंभर वर्षांहून जुना पत्री पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला गेला, आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाला, तो सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा उघडला. मधल्या काळात ज्यांनी रुग्णास घेऊन वळसे घातले, परीक्षेची वेळ चुकविली, नोकरीवर लेटमार्क घेतले, त्यांस हे दिवस चांगले स्मरतात. हे पूल उभे राहिले ही खरीखुरी कामे आहेत, आणि ती करणाऱ्यांत कोणी अभियंता, कोणी मुकादम, कोणी रात्रपाळीचा मजूर असा होता, की त्याच्यामुळे एक महिना तरी वाचला. त्याचा शोध घेऊन त्यास शाल दिलेली कोणी पाहिली आहे काय? लोकार्पणाच्या कोनशिलेवर त्याचे नाव नसते. कोनशिलेवर ज्याचे नाव असते त्याने पुष्कळदा पायाही घातलेला नसतो आणि कळसही चढविलेला नसतो. मुहूर्ताच्या दिवशी तो पदावर असतो, इतकेच.

आणि हे प्रकरण केवळ शोभेचे नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर खच्चून भरलेल्या गाड्यांच्या दारांतून लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतले काही प्राणास मुकले. गर्दी कमी करण्याच्या योजना त्या दिवशी कागदावर कमी नव्हत्या. त्या योजनांच्या निमित्ताने झालेले सत्कारही कमी नव्हते. योजना जाहीर झाली की आपले समाधान होते. आपले समाधान झाले की विचारणारा कोणी उरत नाही. आणि विचारणारा उरला नाही की काम करण्याची निकड उरत नाही. ज्या संकल्पाचे मोल आपण टाळ्यांनी आधीच चुकते केले, तो माल घरपोच करण्याची घाई दुकानदारास कशाला वाटावी? त्यातच भर अशी, की नोव्हेंबर २०२० पासून पाच वर्षांहून अधिक काळ कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत निवडून आलेले सभागृहच नव्हते. ठाण्यातही मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षे प्रशासकाचाच कारभार होता. हिशेब विचारण्याची जागा रिकामी होती, आणि सत्काराची जागा मात्र एक दिवसही रिकामी राहिली नाही.

‘मग सत्ताधाऱ्याचा सन्मान कधीच करू नये काय?’ असे कोणी विचारील. करावा, आनंदाने करावा. परंतु तो कसा करावा याचे धडे आपल्याच पूर्वजांनी घालून दिले आहेत. जोतीराव फुले यांनी पुण्यास मुलींची शाळा काढली १८४८ साली, सत्यशोधक समाज स्थापिला १८७३ साली. आणि मुंबईच्या लोकांनी त्यांस ‘महात्मा’ म्हटले ११ मे १८८८ रोजी. चाळीस वर्षांची साक्ष त्या एका शब्दामागे होती, म्हणून तो शब्द आजतागायत टिकला. राजर्षी शाहू महाराज तर प्रत्यक्ष सिंहासनावर होते. मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा त्यांचा हुकूम १९०२ सालचा, सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९१७ सालचा. ‘राजर्षी’ ही पदवी कानपूरच्या सभेने त्यांस दिली ती १९१९ साली, आणि ती देणारे त्यांच्या राज्यातले प्रजाजन नव्हते. करवीरच्या खजिन्यातून त्यांस काही मिळावयाचे नव्हते. आधी कृत्य, मग काळाची कसोटी, आणि मग निरपेक्ष माणसांचा शब्द, या क्रमाने जो मान येतो त्याचा मानकऱ्यास संकोच वाटत नाही आणि देणाऱ्यास पश्चात्ताप होत नाही.

‘निरपेक्ष’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. कारण या दोषाचे मूळ नेत्यांपेक्षा आपणांतच अधिक आहे असे आमचे मत आहे. नेता पुरस्कार मागण्यास फारसा जात नाही. आपणच तो घेऊन त्याच्या दारी जातो. आपल्या संस्थेस भूखंड हवा असतो, अनुदानाची फाईल कोठे तरी अडलेली असते, सभागृहाचे भाडे माफ करून हवे असते, नव्या अभ्यासक्रमास मान्यता हवी असते. अशा वेळी कार्यकारी मंडळाच्या बैठकीत कोणी तरी हळूच सुचवितो, की यंदाचा पुरस्कार अमुक साहेबांस द्यावा. आणि उरलेले दहा जण मान डोलावितात. त्या दहांत कधी काळी आम्हीही होतो, हे येथे कबूल करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. एका संस्थेच्या बैठकीत अशीच सूचना आली असता, मानपत्राचा मसुदा लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. कार्याचे वर्णन करण्यासाठी आम्ही चार ओळींची जागा सोडली, आणि रात्री अकरापर्यंत त्या चार ओळी भरल्या नाहीत. शेवटी ‘विकासाचा ध्यास’ हे दोन शब्द लिहून आम्ही सुटका करून घेतली. समारंभ थाटात झाला, टाळ्या पडल्या, आणि आमचे शब्द वाचून दाखविले जात असता आम्ही मान खाली घालून बसलो होतो. संस्थेचे अडलेले काम पुढेही अडलेलेच राहिले, हे ओघाने आलेच.

ज्या शहरांत हे चालते, त्यांची परंपरा अशी नव्हती, हे आठवले म्हणजे अधिक वाईट वाटते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्यासारख्या माणसांनी ते उभारले, तेव्हा ‘ग्रंथालय काढण्याचा संकल्प’ म्हणून कोणी त्यांच्या गळ्यात हार घातला असेल असे संभवत नाही. त्यांनी पुस्तके जमविली, दारे उघडली, आणि गावाने आत येऊन वाचण्यास आरंभ केला. हाच त्यांचा सत्कार. सव्वाशेहून अधिक वर्षे तो चालू आहे.

उपाय काय? आम्ही कायदा करा असे म्हणणार नाही. घटनेच्या अठराव्या कलमाने किताब रद्द केले आहेत, आणि ‘भारतरत्न’, ‘पद्म’ इत्यादी सन्मान हे किताब नसून ते कोणी नावामागे वा नावापुढे लावू नयेत, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिलेला आहे. तरीही निमंत्रणपत्रिका पाहाव्या तर ‘पद्मश्री’ हा शब्द नावाआधी छापलेला आढळतोच. जेथे कायदा पाळण्याची आपली ही तऱ्हा, तेथे नवा कायदा काय करील? परंतु प्रत्येक संस्थेस आपल्यापुरते तीन नियम करता येतील. पहिला : जो मनुष्य सत्तेच्या पदावर आहे त्यास, आणि ते पद सोडून पाच वर्षे झाली नाहीत त्यास, पुरस्कार देऊ नये, पाच वर्षांनंतरही ज्याचे काम लोकांस आठवते त्याचे काम खरे. दुसरा : मानपत्रात पुरे झालेले निदान एक काम, त्याच्या स्थळासह आणि सालासह, लिहिलेच पाहिजे; ‘ध्यास’, ‘तळमळ’ आणि ‘दूरदृष्टी’ या शब्दांस मज्जाव असावा. तिसरा : ज्याच्या कचेरीत संस्थेचा एखादा अर्ज पडून आहे, त्यास संस्थेने फुलसुद्धा देऊ नये. हे नियम पाळल्याने काही समारंभ फिके पडतील, काही मांडव उठतील, आणि छायाचित्रकारांचे थोडे नुकसान होईल. याहून मोठी हानी संभवत नाही. विद्यापीठांस तर आम्ही विशेष कळकळीने सांगू, की जी पदवी मिळविण्यास एखादा विद्यार्थी आयुष्याची उमेदीची वर्षे ग्रंथालयात घालवितो, तिचेच नाव धारण करणारी पदवी अधिकारावर असलेल्या मनुष्यास देताना त्या विद्यार्थ्याच्या डोळ्यास डोळा भिडवून पाहावा.

हेतू चांगला असणे ही थोर गोष्ट आहे, यात शंका नाही. परंतु तिचे मोल ज्याचे त्याने आपल्या अंतःकरणाशी करावे. चौकात तिचा लिलाव मांडू नये. ठाणे-कल्याणच्या वाचकांपुरते बोलावयाचे तर आमची विनंती साधी आहे. शाल विणून ठेवावी, मानपत्राचा कागद आणून ठेवावा, आणि दोन्ही कपाटात नीट घडी करून ठेवावे. ज्या दिवशी मेट्रोची पहिली गाडी कल्याणास येईल, आणि ज्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर कोणासही दाराशी लोंबकळावे लागणार नाही, त्या दिवशी कपाट उघडावे. तोवर कोणी मांडवात येऊन आपल्या संकल्पांचे वर्णन करू लागला, तर त्यास बसावयास खुर्ची द्यावी, पिण्यास पाणी द्यावे, आणि नम्रपणे विचारावे, ‘साहेब, मागल्या संकल्पाचे काय झाले?’